संगणकात वसवलेली दरी : इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी नेटलोगोची पहिली ओळख

१/
अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याच्या ईशान्य भागात, ब्लॅक मेसा या पठाराजवळ, लाँग हाउस व्हॅली नावाची एक दरी आहे. तेथे शेकडो वर्षे मका पिकवणारी कुटुंबे राहत होती. इ.स. १३०० च्या सुमारास ती दरी रिकामी झाली. घरे मागे राहिली, माणसे निघून गेली. का गेली? या प्रश्नाचा माग काढताना काही संशोधकांनी तीच दरी संगणकात पुन्हा वसवली. आजचा थ्रेड त्या दरीविषयी, आणि तशी दरी स्वतः वसवून पाहण्याच्या साधनाविषयी.

२/
त्या साधनाचे नाव नेटलोगो. ते मोफत आहे, मुक्त-स्रोत आहे आणि ते शिकण्यासाठी आधीपासून प्रोग्रॅमिंग येण्याची अट नाही. मी इतिहासाची विद्यार्थिनी. संगणकाशी माझा संबंध प्रबंधाची टिपणे टंकित करण्यापुरता. एका सेमिनारच्या निमित्ताने हे साधन हाताळले, आणि जे उमगले ते सॉफ्टवेअरपेक्षा इतिहासलेखनाविषयी अधिक होते. म्हणून दोन्ही एकत्र सांगते. थ्रेड लांब आहे; सवडीने वाचावा.

३/
आधी माणसांची ओळख. जुन्या पुस्तकांत या लोकांना ‘अनासाझी’ म्हटलेले आढळते. हा नावाहो भाषेतून आलेला शब्द असून त्याला ‘शत्रूंचे पूर्वज’ अशी अर्थछटा आहे. त्यांचे वंशज असलेल्या प्युब्लो समाजांना तो रुचत नाही. म्हणून अलीकडे अभ्यासक ‘प्युब्लो-पूर्वज’ अशा अर्थाचे नाव वापरतात. होपी लोक त्यांना ‘हिसात्सिनोम’, म्हणजे फार पूर्वीची माणसे, म्हणतात. ‘वंशज’ हा शब्द लक्षात असू द्या. शेवटाकडे तो पुन्हा लागणार आहे.

४/
या प्रदेशाचा इतिहास वर्षागणिक सांगता येतो, याचे श्रेय झाडांना. हवा कोरडी असल्याने घरांच्या तुळया टिकल्या. अँड्र्यू डग्लस हे मुळात खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरील डागांचे चक्र आणि पृथ्वीवरील हवामान यांचा संबंध शोधण्यासाठी ते खोडांतील वलये मोजू लागले. पाऊस झाला की वलय रुंद, अवर्षण पडले की अरुंद. जिवंत झाडांपासून मागे जाणारी एक मालिका त्यांच्याजवळ होती. ओसाड घरांतील तुळयांची दुसरी, वर्षांशी न जुळलेली. १९२९ मध्ये शो लो या गावी सापडलेल्या एका जळक्या तुळईने दोन्ही मालिका सांधल्या.

५/
त्या सांधलेल्या मालिकेत १२७६ ते १२९९ या काळातील वलये अरुंद दिसली. या काळाला ‘महादुष्काळ’ असे नाव मिळाले. दरी रिकामी झाली ती साधारण याच सुमारास. झाले, उत्तर सापडले! दुष्काळामुळे लोक गेले. आपण परीक्षेत असे वाक्य लिहितो, त्याला गुणही मिळतात.

६/
पण ‘मुळे’ या प्रत्ययाकडे थोडे थांबून पाहा. दोन अक्षरांत आपण किती गोष्टी दडवतो! नेमका किती मका कमी पडला? कणग्यांत किती वर्षांचा साठा होता? आधी कोण निघाले, उंचवट्यावरचे की तळातले? सगळे गेले तेव्हा खरोखर काहीच पिकत नव्हते का? ‘दुष्काळामुळे’ म्हणताना या सर्व प्रश्नांची उत्तरे आपण गृहीत धरलेली असतात. फक्त ती उच्चारलेली नसतात. एजंट-बेस्ड मॉडेलिंग हे तंत्र म्हणजे हे ‘मुळे’ उलगडून लिहिण्याची सक्ती.

७/
एजंट म्हटले की आपल्याकडे विमा आठवतो. येथे एजंट म्हणजे मॉडेलमधला स्वतंत्र कर्ता : एक माणूस, एक कुटुंब, एक बैलगाडी, काहीही. प्रत्येकाला थोडी माहिती असते (वय, साठा, ठिकाण) आणि थोडे नियम असतात (भूक लागली तर खा, साठा संपला तर हल). संपूर्ण समाजाचे समीकरण कोणी लिहीत नाही. शेकडो कर्ते आपापले नियम पाळतात, एकमेकांच्या वाटेत येतात आणि त्यातून समाजाचे चित्र उमटते. ते चित्र पुष्कळदा नियम लिहिणाऱ्यालाही अनपेक्षित असते.

८/
याचे प्रसिद्ध उदाहरण टॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाचे. १९७१ च्या लेखात त्यांनी चौकटींच्या पटावर दोन प्रकारची माणसे मांडली. नियम एकच : शेजाऱ्यांत आपल्यासारखे ठरावीक प्रमाणाहून कमी असतील, तर घर बदलायचे. हे प्रमाण एक-तृतीयांशाइतके सौम्य ठेवले तरी थोड्याच फेऱ्यांत पट दोन रंगांच्या वस्त्यांत फाटतो. सगळे वेगळे राहावेत असे कोणालाच वाटत नव्हते, तरी ते घडले.

९/
येथेच एक सावधगिरी. अमेरिकी शहरांतील वर्णभेदी वस्त्या अशा सौम्य आवडीनिवडींतूनच झाल्या, असे शेलिंगच्या पटावरून सिद्ध होत नाही. तेथे कायदे होते, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना गृहकर्ज नाकारण्याची पद्धत होती, हिंसा होती. एखादी गोष्ट एका वाटेने घडू शकते, एवढे मॉडेल दाखवते. ती त्याच वाटेने घडली हे सांगण्यासाठी कागदपत्रेच लागतात. हा फरक विसरणे ही या तंत्रातली सर्वांत मोठी चूक, आणि ती फार मोहक असते.

१०/
आता साधनाकडे. शाळेच्या संगणक-तासाला पडद्यावरचे ‘टर्टल’ चालवून चौकोन काढल्याचे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. ती लोगो भाषा. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती मुलांसाठी रचली. पुढे मिचेल रेस्निक यांनी स्टारलोगोत एका कासवाऐवजी हजारो कासवे एकाच वेळी चालवण्याची सोय केली. त्याच घराण्यात १९९९ मध्ये युरी विलेन्स्की यांचे नेटलोगो आले. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ते आजही जोपासले जाते.

११/
नेटलोगो संगणकावर उतरवून घेता येते; तेवढी जागा नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही आहे. उघडल्यावर एक काळा चौकोन दिसतो. ते तुमचे जग. वर तीन कप्पे असतात : ‘इंटरफेस’, जेथे जग आणि बटणे दिसतात, ‘इन्फो’, जेथे मॉडेलविषयी गद्यात लिहायचे, आणि ‘कोड’, जेथे नियम लिहायचे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ‘इन्फो’पासून सुरुवात करावी. दुसऱ्याचे मॉडेल म्हणजे दुसऱ्याचा युक्तिवाद. तो आधी वाचावा, मग चालवावा.

१२/
या जगात चार प्रकारचे कर्ते असतात. ‘टर्टल’ हे हलणारे. ‘पॅच’ ही जमीन : काळा चौकोन लहान लहान चौकटींचा बनलेला असतो, त्यातली प्रत्येक चौकट एक पॅच. ‘लिंक’ हे दोन टर्टलांमधले नाते. आणि ‘ऑब्झर्व्हर’ म्हणजे वरून पाहणारे, आज्ञा देणारे तुम्ही. आपल्या कामापुरते टर्टल म्हणजे कुटुंब आणि पॅच म्हणजे शेत, एवढे लक्षात ठेवले तरी भागते.

१३/
पहिली पाच मिनिटे अशी घालवा. खाली आज्ञा टंकित करण्याची एक ओळ असते. आज्ञा रोमन लिपीत लिहाव्या लागतात. येथे मी उच्चार देते. ‘क्रिएट-टर्टल्स १००’ लिहा. मध्यभागी रंगीबेरंगी गुच्छ उमटेल. शंभर जण एकाच बिंदूवर उभे आहेत, प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला. मग लिहा : ‘आस्क टर्टल्स’ आणि पुढे चौकटी कंसात ‘फॉरवर्ड ५’. गुच्छ फुटून वर्तुळ तयार होईल. वर्तुळ काढा, असे तुम्ही कोणालाच सांगितले नव्हते. पाच पावले चाला, एवढेच प्रत्येकाला सांगितले होते.

१४/
दुसऱ्या टप्प्यात मॉडेल्स लायब्ररी उघडा. ती सोबतच येते. समाजशास्त्राच्या विभागात ‘सेग्रिगेशन’ नावाचे मॉडेल आहे. ते शेलिंगच्या पटाचेच रूप. त्यात ‘सेटअप’ आणि ‘गो’ ही दोन बटणे आहेत आणि काही सरकपट्ट्या. आपल्यासारखे शेजारी किती टक्के हवेत, याची पट्टी ३० वर ठेवून चालवा. मग २० वर. मग ७५ वर. प्रत्येक वेळी आधी कागदावर अंदाज लिहा आणि नंतर बटण दाबा. अंदाज न लिहिता बटण दाबले, की जे दिसेल ते आपल्याला आधीच माहीत होते असे वाटू लागते. इतिहासकाराचा हा जुना आजार आहे.

१५/
आता स्वतःची लहानशी दरी. ‘सेटअप’ म्हणजे सुरुवातीची मांडणी : जुने पुसा, प्रत्येक पॅचला पिकाचा आकडा द्या, ५० कुटुंबे विखरून ठेवा, प्रत्येकाची कणगी भरा, घड्याळ शून्यावर आणा. ‘गो’ म्हणजे एक वर्ष : पीक काढा, कणगीत टाका, वर्षभराचे खा, कणगी रिती झाली तर जवळचे मोकळे शेत शोधा, तेही नसेल तर दरी सोडा. शेवटी ‘टिक’ ही आज्ञा, म्हणजे एक वर्ष सरले. बटणावर ‘फॉरएव्हर’ ही खूण केली की वर्षे आपोआप पुढे सरकत राहतात.

१६/
लिहायला बसलात की पहिल्याच ओळीला अडाल. कुटुंब म्हणजे किती माणसे? वर्षाला किती धान्य? कणगीतले धान्य किती वर्षे टिकते? शेजारी उपाशी असेल तर आपल्यातले देतो की नाही? मुलगी लग्नानंतर कोठे राहते? निबंधात ‘तत्कालीन समाजात’ असे म्हणून पुढे सरकता येते. संगणक पुढे सरकू देत नाही. तो विचारतो : आकडा काय? नियम काय? आणि ज्या प्रश्नाला आपल्याजवळ पुरावा नाही, तेथे आपण काय कल्पून बसलो होतो, ते उघडे पडते.

१७/
माझी फजिती सांगते. माझी पहिली दरी चालली तेव्हा मी हरखून गेले. अवर्षणाची वीस वर्षे घातली, तरी लोकसंख्या वाढतच होती! टंचाईत माणसे एका जागी गोळा होतात आणि तग धरतात, असा मोठा निष्कर्ष मी मनात लिहूनही टाकला. रात्री आलेख मैत्रिणीला पाठवला. तिने एकच प्रश्न विचारला : “एका शेतातून किती जण पीक काढतात गं?”

१८/
पाहिले, तर शेत एकदा कापले की ते रिकामे होते, हा नियमच मी लिहिला नव्हता. एकाच चौकटीवर दहा कुटुंबे उभी होती आणि दहाही जणांना पूर्ण पीक मिळत होते. माझा ‘सामाजिक ऐक्याचा सिद्धान्त’ म्हणजे राहून गेलेली एक ओळ होती. तेव्हापासून दोन प्रश्न वेगळे ठेवते. मी जे लिहायचे ठरवले तेच लिहिले गेले का? आणि जे लिहिले ते भूतकाळाशी जुळते का? पहिल्याचे उत्तर मिळेपर्यंत दुसरा विचारण्यात अर्थ नाही.

१९/
आणखी एक गोष्ट. तेच मॉडेल दोनदा चालवले तर दोन वेगळे आलेख येतात. कुटुंबांना आज्ञा पाळण्याचा क्रम दर वर्षी यदृच्छेने मिळतो. जो आधी पोहोचला त्याला चांगले शेत. म्हणून एका फेरीवर विश्वास ठेवू नये. नेटलोगोत ‘बिहेव्हियरस्पेस’ नावाची सोय आहे. ती एकच मॉडेल शेकडो वेळा, वेगवेगळ्या आकड्यांनी चालवून नोंदी ठेवते. खरा इतिहास एकदाच घडला. तो तसाच घडणे अटळ होते की अनेक शक्यतांपैकी ती एक होती, हा प्रश्न निदान स्पष्टपणे मांडता येतो, तो येथे.

२०/
आता मूळ दरीकडे परत. जोशुआ एपस्टाइन आणि रॉबर्ट ॲक्सटेल यांनी १९९६ मध्ये ‘ग्रोइंग आर्टिफिशियल सोसायटीज’ या पुस्तकात साखर गोळा करणाऱ्या काल्पनिक कर्त्यांचा समाज उभा केला होता. पुढे जेफ्री डीन, जॉर्ज गुमरमन आदी पुरातत्त्वज्ञांबरोबर त्यांनी खरी दरी हाती घेतली. लाँग हाउस व्हॅली निवडण्यामागे कारण होते. दरी लहान, तिचे सर्वेक्षण कसून झालेले, आणि वलयांमुळे हवामानाची वर्षागणिक नोंद उपलब्ध. २००२ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. घड्याळ इ.स. ८०० पासून १३५० पर्यंत चालते.

२१/
नियम असे. दरीचे १०० मीटर बाजूच्या, म्हणजे एक हेक्टरच्या, चौकटींत तुकडे. एजंट म्हणजे पाच माणसांचे कुटुंब. दरडोई वर्षाला १६० किलो मका, म्हणजे कुटुंबाला ८०० किलो. मका दोन वर्षे साठवता येतो. वलयांवरून काढलेल्या दुष्काळ-निर्देशांकावरून आणि भूजलाच्या स्थितीवरून दर वर्षी प्रत्येक चौकटीचे पीक ठरते. पुढच्या वर्षी भागणार नाही असे दिसले तर कुटुंब नवे शेत शोधते. कोठेच मिळाले नाही तर दरी सोडते. मुली १६ वर्षांच्या झाल्या की नवी कुटुंबे फुटू शकतात.

२२/
मग पडद्यावर दोन आलेख शेजारी मांडायचे. एक संगणकातल्या कुटुंबांचा. दुसरा पुरातत्त्वज्ञांनी उत्खनने आणि सर्वेक्षणांवरून अंदाजलेला. आकडे नीट बेतल्यावर दोन्ही रेषा बऱ्याच अंतरापर्यंत हातात हात घालून चालतात. लोकसंख्या वाढते, काही वेळा खचते, तेराव्या शतकात शिखर गाठते आणि शतकाच्या उत्तरार्धात कोसळते. इतक्या थोड्या नियमांतून साडेपाचशे वर्षांचा चढउतार उमटलेला पाहणे हा थरारक अनुभव असतो.

२३/
परंतु खरी गोष्ट शेवटच्या काही वर्षांत आहे. संगणकातल्या दरीत महादुष्काळानंतरही काही कुटुंबे तग धरून राहतात. दरीत तेवढ्यांपुरते पिकत असते. प्रत्यक्षात मात्र कोणीच राहिले नाही. येथे दोन रेषा वेगळ्या होतात. मॉडेल चुकले का? मला वाटते, मॉडेलने आपले सर्वांत मोलाचे काम येथेच केले. ‘दुष्काळामुळे’ हा शब्द किती अंतर चालतो आणि कोठे थकतो, ते त्याने दाखवले. उरलेले अंतर पावसाने समजावता येत नाही. ज्यांना राहता आले असते तेही गेले.

२४/
मग का गेले? लाँग हाउस व्हॅलीपासून जवळच त्सेगी खोऱ्यात बेटाटाकिन नावाची वस्ती कड्याच्या प्रचंड कमानीखाली बांधलेली आहे. जेफ्री डीन यांनी तिच्या तुळयांची वलये वाचली. १२६७ च्या सुमारास मोजकी घरे बांधली गेली. १२६९ आणि १२७२ मध्ये झाडे तोडून लाकूड रचून ठेवले गेले, पण ते वापरले गेले १२७५ मध्ये, जेव्हा एक मोठा समूह एकदम राहायला आला. म्हणजे कोणी तरी पुढे येऊन जागा पाहिली, पुढच्यांसाठी लाकूड तोडून सुकत ठेवले आणि काही वर्षांनी सगळे मिळून आले. मिळालेली शेवटची तुळई १२८६ ची. १३०० च्या सुमारास तेही निघून गेले.

२५/
ही माणसे भुकेने सैरावैरा धावत नव्हती. ती ठरवत होती, वाट पाहत होती, एकत्र हलत होती. निम्मे गाव गेल्यावर उरलेल्यांनी सण कोणाबरोबर करायचा, मुलींची लग्ने कोठे जमवायची, कड्यावरून धान्य उतरवायला हात कोणाचे? शेत पिकत असूनही गाव जगेनासे होऊ शकते. मॉडेलमधले प्रत्येक कुटुंब एकट्याने निर्णय घेते. खरी कुटुंबे एकटी नव्हती. ती फट येथे आहे.

२६/
आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला शब्द : वंशज. पर्यटकांच्या पुस्तिकांतून या लोकांविषयी अनेक वर्षे ‘गूढरीत्या नाहीसे झाले’ असे लिहिले जाई. पण त्या भागापासून दक्षिणेला होपींची गावे आहेत. बेटाटाकिनला ते ‘तालास्तिमा’ म्हणतात. आपली काही कुले त्या खोऱ्यांतून आली, असे त्यांची परंपरा सांगते. संगणकात दरी सोडणारे कुटुंब पडद्यावरून पुसले जाते, कारण मॉडेलचे जग तेथे संपते. इतिहासातले कुटुंब कोठे तरी पोहोचते. ‘नाहीसे झाले’ असे लिहिणे म्हणजे आपल्या चौकटीची कड ही जगाची कड समजणे.

२७/
न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. मार्को जॅन्सेन यांनी हे मॉडेल नेटलोगोत पुन्हा लिहिले आणि २००९ मध्ये त्याची झाडाझडती प्रसिद्ध केली. त्यांना असे आढळले की दोन आलेखांच्या सुंदर जुळणीचे श्रेय मुख्यतः पिकाचे प्रमाण बेतणाऱ्या आकड्यांना जाते; म्हणजे दरी किती माणसे पोसू शकते, याला. कुटुंबांच्या वागण्याचे बारकावे बदलले तरी जुळणीत फारसा फरक पडत नाही. रेषा जुळली म्हणून नियम खरे ठरत नाहीत. त्यांचा कोड मुक्तपणे उपलब्ध आहे. तुम्हीही तो चालवून हा दावा तपासू शकता. पादटीप तपासण्याइतकेच हे आवश्यक काम.

२८/
आता घराजवळ येऊ. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे उत्खनन केले. सुमारे इ.स.पू. १६०० पासून ७०० पर्यंत नांदलेली ती शेतकऱ्यांची वस्ती. जोर्वे काळात तेथे चौकोनी घरे होती, कोठार होते, पाण्याचा पाट होता. उत्तर-जोर्वे काळात घरे लहान आणि गोल होतात, शेती आटते, पशुपालनाकडे कल वाढतो आणि शेवटी वस्ती उठते. म. के. ढवळीकर यांनी याचा संबंध वाढत्या कोरड्या हवामानाशी जोडला. त्यावर अभ्यासकांत वादही आहे.

२९/
लाँग हाउस व्हॅली आणि इनामगाव यांत हजारो वर्षांचे आणि मैलांचे अंतर आहे. एकाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवता येणार नाही. इनामगावच्या बाबतीत वर्षागणिक वलयेही नाहीत. पण प्रश्न उसना घेता येतो. ‘कोरड्या हवामानामुळे वस्ती उठली’ यातले ‘मुळे’ उलगडायचे झाले तर कोणते नियम लिहावे लागतील? जव किती, गुरे किती, पाटाचे पाणी कोणाच्या हातात, कोठाराची किल्ली कोणाकडे? मी सध्या ही यादी करते आहे. यादीतल्या निम्म्याहून अधिक ओळींपुढे प्रश्नचिन्ह आहे. एवढी प्रश्नचिन्हे त्या विषयावरच्या माझ्या जुन्या निबंधात नव्हती.

३०/
सुरुवात करू इच्छिणाऱ्यांसाठी थोडक्यात. आधी एक ‘मुळे’ असलेले वाक्य निवडा. नियम कागदावर मराठीत लिहा आणि प्रत्येकापुढे नोंदवा : पुरावा आहे, अंदाज आहे, की निव्वळ सोय? मॉडेलचे वर्णन शिस्तीत लिहिण्यासाठी फोल्कर ग्रिम आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘ओडीडी’ हा नमुना मांडला, तो वाचा. मग लहानात लहान मॉडेल करा. दहा कुटुंबे, एक नियम. एका वेळी एकच गोष्ट बदला. पुष्कळदा चालवा. आणि आलेख एखाद्या शंकेखोर मैत्रिणीला दाखवा.

३१/
हे साधन भूतकाळ दाखवत नाही. भूतकाळाविषयी आपण जे म्हणतो, ते खरोखर म्हणायचे तर आणखी काय काय मान्य करावे लागते, ते दाखवते. नियमांतून जेवढे उमटते तेवढे आपले स्पष्टीकरण. त्यापलीकडे जे उरते, शेत पिकत असताना घराला शेवटचे पाहून निघालेले ते कुटुंब, तेथून पुढचे काम आपले : तुळया, खापरे, दप्तरे आणि वंशजांच्या आठवणी घेऊन बसण्याचे.

तुमच्या अभ्यासातले एखादे ‘मुळे’ खाली लिहा. मिळून उलगडून पाहू.

#इतिहास #थ्रेड #मराठी (समाप्त)